कृपया झाडांना पाणी घालू नये

आमची संत्र्याची बाग डिसेंबरात मेल्यासारखी दिसते, आणि तिनं तसंच दिसायला हवं. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात फोनवर, फाटकात, जेवणाच्या ताटावर इतक्या लोकांना इतक्यांदा ऐकवलंय, की एखाद्या दिवशी वर्गात बेरीज शिकवता शिकवताही तोंडातून तेच निघेल. संत्र्याच्या झाडाला वर्षातून एकदा तहानलेलं ठेवावं लागतं. जुनी फळं उतरली की पाणी तोडायचं, आणि महिना-सव्वा महिना थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, कडेनं वळतात, काही पिवळी पडून गळतात. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. आमच्याकडे याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. मग संक्रांतीच्या पुढंमागं पाणी सोडलं की झाड फुलतं, आणि त्या फुलांची दिवाळीच्या सुमाराला फळं होतात. हा आंबिया बहार. महिन्याभराची तहान चुकली तर फूल नाही, आणि फूल नाही तर फळ नाही. आमच्या गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल.

यंदाही डिसेंबर आला, नळ्या बंद झाल्या, सकाळच्या धुक्यात झाडं माना टाकून उभी राहिली, आणि माझं डोकं तापायला सुरुवात झाली. कारण मला गेल्या वर्षीचा हिवाळा आठवला. तो आठवू नये म्हणून मी पुष्कळ प्रयत्न करते. पण वाळल्या पानांचा तो थोडा कडवट, थोडा संत्र्याच्या सालीसारखा वास आला, की सगळं पुन्हा समोर येऊन उभं राहतं.

मी मध्य प्रदेशात, सौंसरला शाळेत शिकवते. आमच्या भागात फळ्यावर हिंदी आणि ओट्यावर मराठी असा कारभार आहे. माझा धाकटा भाऊ दिलीप रामाकोन्याच्या पुढं, नाल्याच्या काठाला आमची वडिलोपार्जित शेती करतो. पराटी, म्हणजे कपाशी, आणि संत्रा. बागेचे दोन भाग आहेत. फाटकाजवळचा तो पुढचा आंग, आणि नाल्याकडचा तो मागचा. बाबा होते तेव्हा ताणाच्या दिवसांत बागेत फिरकायचे नाहीत. पाहवत नाही म्हणायचे. चहाचा कप घेऊन बागेकडं पाठ करून बसायचे, आणि आम्हा पोरांना दम द्यायचे की कोणी आळ्यात हात धुतले तर याद राखा. आम्ही खरंच हात धुवायला पार रस्त्यापर्यंत जायचो. त्या माणसाची मी मुलगी, हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला शंका येईल.

तीन वर्षांपूर्वी मी एका प्रशिक्षणाला गेले. गावातलं पर्यटन जबाबदारीनं कसं करावं, असा विषय. येताना एक फाईल आणि पुष्कळ शब्द घेऊन आले. निसर्ग राखला तर पाहुणा येतो, पाहुणा आला तर गावाला काम मिळतं, काम मिळालं तर गाव निसर्ग राखतं. त्या फाईलमध्ये याचं गोल चित्र होतं, आणि बाण एकमेकांच्या मागं धावत होते. मला ते मनापासून पटलं होतं. आजही पटतं, आणि तेच तर दुखणं आहे. पटलं नसतं तर कधीच सोडून दिलं असतं.

दिलीपच्या मागं लागून मी बागेत दोन खोल्या बांधून घेतल्या. कवेलूंचं छत, समोर पडवी, पडवीत वेताच्या चार खुर्च्या. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला लोक येतातच, त्यातले काही रात्रभर राहतील, सकाळी नाल्याच्या डोहावर पक्षी पाहतील, बागेत हातानं संत्री तोडतील, अशी योजना. डोह आमच्या विहिरीला लागून आहे. एप्रिलपर्यंत त्यात पाणी असतं. करकोचे येतात, खंड्या येतो, दिवस मावळताना रोही, म्हणजे नीलगाई, पाणी प्यायला उतरतात. दिलीपनं धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, झाडं तोडायची ठरवली होती. पाहुण्यांना पक्षी दाखवायचे म्हणून ती राहिली. म्हणजे बाण खरोखर धावायला लागले होते.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुढचा आंग. पूर्वी सगळी बाग व्यापाऱ्याला जायची. व्यापारी आपली माणसं आणायचा, तोड करायचा, कॅरेट भरून निघून जायचा. गावातल्या बायांना त्यातलं काही मिळत नसे. पाहुणे यायला लागल्यावर आम्ही पुढचा आंग स्वतःकडं ठेवला. थोडी फळं पाहुणे तोडणार, बाकीची आमच्या वस्तीतल्या बाया तोडणार, लहान-मोठी वेगळी करणार, आणि रस्त्यावरच्या दुकानातून आम्ही ती विकणार. सात बायांना दिवाळीपासून दोन महिने घराजवळ काम मिळालं. त्यांची मुख्य शकुनबाई. बुद्धविहाराच्या गल्लीत राहते, नवरा नाही, घरी सासू. सासूला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. शकुनबाई दुपारी घरी जाऊन सासूला जेवू घालून पंधरा मिनिटांत परत यायची. दुसरीकडं कुठल्या कामावर हे जमलं असतं?

पहिल्या वर्षी सगळं छान झालं. छान म्हणजे, पाहुणे सोडून. पाहुण्यांबद्दल मी एक स्वतंत्र ग्रंथ लिहू शकते. पुण्याच्या एक बाई माझ्याशी दहा मिनिटं बोलल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, ‘तुम्ही मध्य प्रदेशात राहूनसुद्धा किती छान मराठी बोलता हो!’ मी म्हणाले, ‘तुम्हीपण.’ त्या हसल्या, पण त्यांना कळलं नाही. एकाला संत्री झाडावरून तोडल्यावर धुवून, पुसून, थंड करून हवी होती. एकानं विचारलं, मोर किती वाजता येतो.

आणि चुलीचं काय सांगू! माझी भावजय वंदना. लग्न होऊन आली तेव्हापासून धुरानं खोकायची. मोठ्या मुश्किलीनं घरात गॅस आला, खोकला गेला. मग मी त्या फाईलमध्ये वाचलं की पाहुण्यांना अस्सल ग्रामीण अनुभव हवा असतो, आणि वंदनाला म्हणाले, चूल पेटव. पाहुणे पडवीत बसून वांग्याची भाजी आणि रोडगे खाणार, वा वा म्हणणार, आणि ही आत डोळे पुसणार. त्या चुलीला लाकूड धुऱ्यावरूनच यायचं, जो धुरा आम्ही पक्ष्यांसाठी राखला होता. हे माझ्या लक्षात यायला एक हिवाळा लागला. वंदनाच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. ती बोलली नाही, एवढंच. आता रोडगे गॅसवरच्या तंदूरमध्ये होतात आणि चांगले होतात.

पण मी गेल्या वर्षीच्या हिवाळ्याचं सांगत होते.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक कुटुंब आलं. नवरा, बायको, सात-आठ वर्षांची मुलगी. माणसं इतकी चांगली की त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. स्वतःच्या बाटल्या आणल्या होत्या, कचरा परत नेणार होते, अंघोळीला एकच बादली घेत होते. संध्याकाळी मुलीनं मला विचारलं, ‘ही झाडं आजारी आहेत का?’ मी तिला ताण समजावून सांगितला. आईवडीलही ऐकत होते, माना डोलावत होते. सकाळी येऊन पाहते तर खोलीसमोरच्या चार झाडांची आळी ओलीकच्च. या लोकांनी अंघोळीचं पाणी टबात साठवून, साबण न वापरता, मगांनी आणून घातलं होतं. मुलीनं एका झाडाचं नाव पिंकी ठेवलं होतं आणि ती त्याच्या खोडावरून हात फिरवत बसली होती.

‘अहो, काल मी सांगितलं ना,’ मी म्हणाले.

‘हो, पण तिला रात्रभर झोप नाही आली,’ आई म्हणाली. ‘आणि हे वाया जाणारंच पाणी होतं ना? तुमचं नाही वापरलं.’

पाणी कोणाचं, हा प्रश्न नव्हताच. पण त्या पोरीचा चेहरा पाहून मी विषय सोडला. चार झाडांचं काय एवढं. मी एका पुठ्ठ्यावर ‘कृपया झाडांना पाणी घालू नये’ असं लिहून फाटकाला बांधलं. वस्तीतल्या बायांनी ते वाचलं आणि पोट धरून हसल्या. जगात असा बोर्ड आमच्याच बागेला असेल.

ते लोक गेले आणि चार दिवसांनी कोणी तरी, त्यांनी नव्हे, दुसऱ्याच कोणी, इंटरनेटवर लिहिलं की जागा सुंदर आहे पण बाग वाळून चालली आहे, यजमानांना झाडांची काळजी नाही. खाली मलूल झाडांचा फोटो. नवीन वर्षासाठी दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या. दिलीपनं ते वाचलं आणि त्याचा चेहरा काळवंडला. आमच्या घराण्यात आजवर कोणी असं म्हटलं नव्हतं. बी-बियाणं बुडालं, भाव पडला, हे चालतं. पण बाग नीट ठेवता येत नाही म्हणणं म्हणजे त्याला चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं झालं.

‘ताई, लोक म्हनतीन यायच्या बागेत झाडं मरून राह्यले,’ तो म्हणाला. ‘पाहुने येऊन राह्यले शनिवारी. पुढच्या आंगाले चार दिवस पानी सोडतो. मागचा आंग राहू दे तसाच.’

‘आणि बहार?’

‘अर्धा महिना तं झाला ना पानी तोडून. थोडंसंच देतो. तेवढ्यानं काय होते?’

आणि मी, ताणाच्या दिवसांत हात धुवायला रस्त्यापर्यंत जाणारी, त्या बापाची मुलगी, प्रशिक्षण घेऊन आलेली, फाईलवाली शहाणी, मी काय म्हणाले? मी म्हणाले, ‘सोड थोडं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुनबाई पुढच्या आंगात आली आणि तिथंच थबकली. नळ्यांतून पाणी टपकत होतं, मातीचा ओला वास सुटला होता. डिसेंबरातला तो वास चुकीचा असतो. ती चप्पल काढून ओल्या जागी पाय ठेवून उभी राहिली, जणू स्वतःच्या पायानं खात्री करून घ्यायची होती.

‘मॅडम, हे भाऊ काय करून राह्यले? थंडीचं पानी काहून सोडलं?’

‘पाहुणे येणार आहेत ना,’ मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

‘पाहुने तं परवा चालले जातीन जी. झाड इथंच राह्यते.’ एवढं म्हणून तिनं चप्पल हातात घेतली आणि कामाला गेली.

नवीन वर्षाचे पाहुणे खूष झाले. पुढच्या आंगावर दहा-पंधरा दिवसांत अशी लकलकीत कोवळी पालवी फुटली, की नंतर आलेल्यांनीही फोटो काढले. इंटरनेटवर कोणी तरी लिहिलं, बाग आता छान हिरवी झाली आहे. दिलीपनं मला ते दोनदा वाचून दाखवलं. आम्ही दोघंही समाधानानं हसलो होतो, हे मला आठवतं, आणि आजही ते हसू आठवलं की कुठं तोंड लपवावं कळत नाही.

फेब्रुवारीत मागचा आंग पांढरा झाला. पुढचा आंग हिरवाच राहिला. पानंच पानं. एखाददुसरं फूल, तेही चुकून आल्यासारखं. कोवळी पालवी जगवायची म्हणून मोटर अधिकच चालली, विहिरीचं पाणी उतरलं, आणि विहिरीबरोबर डोहही. दरवर्षी एप्रिलपर्यंत टिकणारा डोह होळीलाच तळाला लागला. चिखलात मासे तडफडले, दोन दिवस बगळ्यांची चंगळ झाली, नंतर तेही उडून गेले. मार्चअखेर खास पक्षी पाहायला आलेल्या एका जोडप्याला आम्ही भेगाळलेला गाळ दाखवला. रोही पाण्यासाठी वस्तीपर्यंत यायला लागले आणि येता-जाता लोकांचा हरभरा तुडवू लागले. लोकांनी आम्हाला तोंडावर काही म्हटलं नाही. पण दुकानात गेलं की बोलणी थांबायची.

माझ्या त्या गोल चित्रातले सगळे बाण अजूनही धावत होते. फक्त उलटे. पाहुण्यांसाठी बाग हिरवी केली, म्हणून डोह आटला, म्हणून पक्षी गेले, म्हणून पाहुणे गेले. यात कोणी वाईट माणूस नव्हता हो! हेच मला सहन होत नाही. एखादा खलनायक असता तर त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाले असते.

दिवाळी आली. पुढच्या आंगात तोडायला काही नव्हतं. मागचा आंग नेहमीप्रमाणे व्यापाऱ्याला गेला, त्याची माणसं आली, कॅरेट भरून गेली. आमच्या सात बाया फाटकातून ते पाहत होत्या. नंतर त्यातल्या पाच काटोलकडच्या बागांत तोडीला जाऊ लागल्या. मुकादमाची गाडी सकाळी सहाला यायची, त्यात बाया दाटीवाटीनं उभ्या, आणि परत यायला अंधार पडायचा. शकुनबाईसुद्धा गेली. जाताना ती सासूच्या खाटेजवळ पाण्याचा लोटा, भाकर आणि एक काठी ठेवून जायची. शेजारीण मधूनमधून डोकावायची.

तिसऱ्या आठवड्यात सासू ओट्यावरून पडली. उन्हात बसावं म्हणून चाचपडत बाहेर आली होती. डावा हात मोडला. शेजारीण बाजाराला गेलेली, त्यामुळं दोन तास ती तशीच अंगणात बसून होती. मला शाळेत फोन आला तेव्हा मी मुलांना पर्यावरणाचा धडा शिकवत होते. मी दिलीपला घेऊन गेले, म्हातारीला दवाखान्यात नेलं, प्लास्टर झालं. शकुनबाई संध्याकाळी गाडीतून उतरून थेट दवाखान्यात आली. अंगाला संत्र्याच्या सालीचा वास, दुसऱ्याच्या बागेतल्या. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. म्हातारी मात्र म्हणाली, ‘मॅडमले च्या पाज वो, लय धावली बिचारी.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढं सगळं होऊन यंदा डिसेंबर आला, आणि काय व्हावं? भोपाळच्या एका ग्रुपनं वर्षअखेरीला दोन्ही खोल्या मागितल्या, आणि विचारलं, बागेचे आत्ताचे फोटो पाठवा. दिलीप मोटरच्या खोलीभोवती घुटमळायला लागला.

रविवारी मी गेले तर म्हणतो, ‘ताई, रस्त्याकडच्या दोनच ओळीले. बाकी नाई.’

माझी सहनशक्ती संपली. मी त्याला काय-काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पाहुण्यांसमोर नाक उंच ठेवायला तू आणखी कोणाचा हात मोडणार आहेस, असं काहीसं. तो म्हणाला, खोल्या तूच बांधायला लावल्या. मी म्हणाले, हो, लावल्या. तो म्हणाला, मागच्या साली सोड तूच म्हटलं होतं. ते खरं होतं. मी पडवीतल्या खुर्चीत बसले आणि मला रडू फुटलं. दिलीप दोन पावलं पुढं आला, मग मागं वळला आणि मोटरच्या खोलीकडं निघून गेला. तिथून पाच मिनिटांनी तणतणत परत आला.

‘स्टार्टरचा फ्यूज कोनं काढला?’

वंदना आत पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, ‘मी.’

‘कुठी हाये?’

‘शकुनबाईपाशी देला. तिच्या सासूच्या उशाखाली हाये. पाह्यजे तं जा, माग.’

घरचं आणि पाहुण्यांचं पाणी बोअरवरून येतं, तिची मोटर वेगळी. त्यामुळं कोणाचं अडत नव्हतं. दिलीप दारात उभा राहिला. मोडक्या हाताच्या आंधळ्या म्हातारीच्या उशाखालून फ्यूज मागून आणायचा, तो पाहुण्यांना झाडं हिरवी दिसावीत म्हणून! तो गेला नाही. संध्याकाळी त्यानं बाग होती तशी, वळलेली पानं, भेगा, सगळ्याचे फोटो काढून भोपाळला पाठवले, आणि खाली लिहिलं की झाडं ताणावर आहेत. त्यांनी लगेच कळवलं की दुसरीकडं सोय पाहतो. दोन दिवस दिलीप फुगून होता. वंदनानं त्याची मनधरणी केली नाही.

वर्षअखेरीला फक्त नागपूरचे एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको आली. त्यांनी आधी फोटो मागितले नव्हते. फाटकावरची पाटी वाचून मास्तर थांबले आणि विचारलं, का घालू नये? मी तोंड उघडणार, तेवढ्यात शकुनबाईनं उत्तर दिलं; काटोलची तोड संपल्यामुळं ती आता गावातच होती. मग ती त्यांना बागेत घेऊन गेली. पानं हाताळायला लावली, भेगेत बोट घालायला लावलं, हिरवी नस दिसावी म्हणून फांदीची साल नखानं खरवडून दाखवली. म्हणाली, ‘हे पाहा, आत जीत्तं हाये. वरून दिसते तसं नाई.’ डोहावर नेलं. डोहात पाणी होतं, बाया कपडे धुतात त्या दगडापर्यंत. तिथं दोन करकोचे होते. मास्तर दीड तासानं परत आले आणि पडवीत बसून वहीत काही लिहीत राहिले. जाताना त्यांनी विचारलं, बहार कधी फुलेल? तेव्हा पुन्हा येऊ. येत्या शनिवारी ते येणार आहेत. एक जोडपं. पण ज्या माणसाला वाळलेली बाग दाखवता येते, त्याला काहीही दाखवता येतं, आणि मला वाटतं पाहुणा म्हणजे हाच. बाकीच्यांसाठी मी दोन-तीन वर्षं उगाच धावपळ केली.

संक्रांतीला दिलीप तिळगूळ घेऊन शकुनबाईच्या घरी गेला. म्हातारीनं उशाखाली चाचपून फ्यूज काढला आणि त्याच्या हातात ठेवला. त्याच दुपारी बागेला पाणी सुटलं. दोन्ही आंगांना.

मग वाट पाहण्याचे दिवस. मी रोज शाळेतून फोन करायची. दिलीप म्हणायचा, ‘काही नाही.’ एक दिवस म्हणाला, ‘फांदीवरचे डोळे फुगून राह्यले वाटते.’ दुसऱ्या दिवशी म्हणाला, मला काही विचारू नको. तो असा चिडला की समजावं, त्याला आशा वाटायला लागली आहे.

परवा गेले. फाटकाच्या अलीकडं, डांबरी रस्त्यावरच वास आला. आधी मला वाटलं मागच्या आंगाचा असेल. गाडी लावून आत पाहते तर पुढचा आंग. पांढराशुभ्र. फांदी न् फांदी. मधमाश्यांचा एकसारखा आवाज, झाडाखाली गळालेल्या पाकळ्या, आणि तो वास, ज्याच्यासाठी मला कधीही धड शब्द मिळाला नाही. वर्षभरात बागेत यापेक्षा चांगलं काही घडत नाही. आणि खोल्या रिकाम्या! दोन्हीला कुलूप! बाग हिरवी करून दाखवा म्हणणाऱ्यांपैकी एकही जण नाही. मी रागानं एकटीच बडबडत पडवीपर्यंत गेले.

पडवीत वेताच्या खुर्चीत शकुनबाईची सासू बसली होती. प्लास्टर निघालेला हात मांडीवर. दिलीपनं तिला मोटरसायकलवर आणलं होतं, मागं शकुनबाई धरून बसली होती. म्हातारी नाक वर करून शांत बसली होती. दिलीप आतून ट्रेमध्ये चहा घेऊन आला, पाहुण्यांच्या कपात.

‘पुढच्या आंगाचा हाये ना रे वास?’ म्हातारीनं विचारलं.

‘होय माय.’

‘मंग ठीक हाये,’ ती म्हणाली आणि कपाला तोंड लावलं.

शकुनबाई झाडाखाली उभी होती. तिनं एक फांदी खाली ओढून फुलांची दाटी पाहिली, मग दुसरी. तिला मोजायचं होतं की खात्री करायची होती, ठाऊक नाही. मग तिथूनच तिनं हाक मारली, ‘भाऊ, मुकादमाचा दोनदा फोन आला होता. काटोलच्या गाडीत यंदाच्या दिवाळीले नाव लिहू का म्हने. काय सांगू?’

फूल म्हणजे फळ नव्हे. गारपीट आहे, ऊन आहे, गळ आहे. पाहुण्यांना हवं ते कबूल करून बसणारा माझा भाऊ हातातला रिकामा ट्रे खुर्चीवर ठेवून पुढच्या आंगाकडं दोन पावलं गेला.

‘नाही म्हना,’ तो म्हणाला. ‘गळलं तं गळलं. जेवढं राहीन तेवढं तुम्हीच तोडा. आन् नाही राह्यलं, तं मागच्या आंगातून देतो. यंदा व्यापाऱ्याले सगळा देत नाही.’

शकुनबाईनं फांदी सोडली. पाकळ्या तिच्या डोक्यावर पडल्या, त्या तिनं झटकल्या नाहीत. तिथंच उभं राहून तिनं फोन लावला.

‘हॅलो, मुकादम भाऊ? मी शकुन बोलतो. दिवाळीच्या गाडीत माहं नाव लिहू नका... नाही, बिमार नाही कोनी. घरी काम हाये.’